हिरवे रान लाल का झाले?

हिवाळा सरता सरता आपल्याकडचा साग उघडाबोडका होतो आणि पावसाळ्याच्या तोंडी पुन्हा पालवतो. त्याची पानगळ पाहून कोणी घाबरत नाही. पण जी झाडे बारा महिने हिरवीगार असतात, अशा झाडांचे अफाट रान एका उन्हाळ्यात विटकरी लाल दिसू लागले तर?

कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. २००० सालानंतरच्या काही वर्षांत तिथे विमानातून खाली पाहणाऱ्यांना डोंगरामागून डोंगर असेच लाल दिसत होते. तिथे वणवा लागला नव्हता की विषारी वायू पसरला नव्हता. ती लाखो झाडे मेलेली होती, आणि त्यांना मारणारा प्राणी होता तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा भुंगेरा!

ही साथ १९९० नंतरच्या पाच-सात वर्षांत सुरू झाली आणि २००५ च्या सुमारास शिगेला पोहोचली. ती ओसरेपर्यंत १ कोटी ८० लक्ष हेक्टर, म्हणजे १ लक्ष ८० हजार चौरस किलोमीटर रानाला तिची झळ लागली होती. आपल्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ लक्ष ८ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून मोठा प्रदेश झाला. त्यातले प्रत्येक झाड मेले असे नाही, पण त्या प्रांतातील तोडण्याजोग्या पाइन लाकडापैकी निम्म्याहून अधिक लाकूड या कीटकाने उभ्याउभ्या मारले.

एवढासा कीटक एवढे मोठे रान कसे मारतो? आणि रान मेले म्हणजे ते कायमचेच गेले का? हेच आपल्याला आज पाहायचे आहे.

सुईसारख्या पानांची झाडे

पाइन, देवदार, स्प्रूस, फर या झाडांना सूचिपर्णी वृक्ष म्हणतात. सूचि म्हणजे सुई. त्यांची पाने सुईसारखी बारीक व चिवट असतात. त्यांना फुले-फळे येत नाहीत, बी शंकूमध्ये तयार होते. हिमालयात गेलेल्यांनी चीड आणि देवदार पाहिले असतील. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू दिसायला तसाच वाटतो, पण तो सूचिपर्णी नव्हे बरे का! त्याच्या त्या हिरव्या 'सुया' म्हणजे बारीक डहाळ्या असतात आणि त्याला खरीखुरी, अगदी लहान फुले येतात.

आपल्या गोष्टीतील मुख्य झाड आहे लॉजपोल पाइन. याचे खोड सरळसोट, खांबासारखे असते. अमेरिका खंडातील मूळ रहिवासी आपल्या राहुट्यांना याचे वासे लावीत, त्यावरून हे नाव पडले. आणि त्याचा शत्रू आहे पर्वतीय पाइन भुंगेरा. त्याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द आहे डेंड्रोक्टोनस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो 'वृक्षमारक'.

सालीखालचे घर

झाडाच्या खोडात दोन प्रकारच्या नळ्या असतात, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. जलवाहिन्या मुळांकडून पाणी वर नेतात. रसवाहिन्या पानांत तयार झालेले अन्न खाली मुळांकडे नेतात. या रसवाहिन्यांचा थर सालीच्या अगदी आतल्या बाजूला असतो. तो गोडसर, मऊ आणि पौष्टिक असतो. भुंगेऱ्याला हवा असतो तो हाच थर.

जुलै-ऑगस्टमध्ये मादी उडत येते आणि साल पोखरून आत शिरते. मग ती उभे भुयार कोरत वर वर जाते आणि भुयाराच्या दोन्ही कडांना अंडी घालते. एक मादी साधारण साठ-एक अंडी घालते. दोनेक आठवड्यांत अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात. त्या आईच्या भुयाराला काटकोनात, आडव्या दिशेने खात जातात. हिवाळाभर त्या सालीखालीच राहतात. पुढच्या जून महिन्यात त्यांचे कोष होतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये नवे भुंगेरे बाहेर पडून नव्या झाडाच्या शोधात उडतात. अंडी, अळी, कोष आणि भुंगेरा असे हे वर्षभराचे चक्र असते.

आता कल्पना करा, खोडाच्या सर्व बाजूंनी अशा आडव्या रेघा खाल्ल्या गेल्या तर काय होईल? रसवाहिन्यांचा थर चहूबाजूंनी तुटेल आणि मुळांना अन्न मिळणे बंद होईल. झाडाच्या बुंध्याची साल गोलाकार काढून टाकली की झाड मरते, त्यातलाच हा प्रकार.

राळेचा किल्ला आणि वासाची हाक

पण झाड काही मुकाट्याने मरत नाही. पाइनच्या खोडात राळ असते. आपल्या बाजारात मिळणारी राळ आणि टर्पेंटाईन ही पाइनच्या झाडांपासूनच मिळतात. भुंगेऱ्याने साल पोखरताच त्या भोकातून चिकट राळ वाहू लागते. त्या राळेत भुंगेरा रुतून तरी बसतो किंवा बाहेर तरी ढकलला जातो. शिवाय राळेत कीटकांना घातक अशी रसायनेही असतात. एकट्यादुकट्या भुंगेऱ्याने धडधाकट पाइनवर चाल केली, तर झाडच जिंकते.

म्हणून भुंगेरा एकटा लढत नाही. इथेच निसर्गाची एक आश्चर्यकारक युक्ती पाहायला मिळते. झाडाच्या राळेत अल्फा-पाइनिन नावाचे द्रव्य असते. मादीच्या शरीरात या द्रव्यापासून एक वेगळेच वासाचे द्रव्य बनते आणि ते हवेत पसरते. तो वास म्हणजे इतर भुंगेऱ्यांना दिलेली हाकच! 'या, इथे झाड सापडले आहे.' कीटक एकमेकांना निरोप देण्यासाठी जी अशी द्रव्ये सोडतात त्यांना फेरोमोन म्हणतात. झाडाने शत्रूवर उगारलेले हत्यारच शत्रूने आपले सैन्य बोलावण्यासाठी वापरले, असे म्हणायला हरकत नाही.

हाक ऐकून नर-माद्या येतात. नव्या माद्या आणखी हाका घालतात. थोड्याच दिवसांत शेकडो भुंगेरे एका झाडावर तुटून पडतात आणि झाडाची राळ अपुरी पडते. आता झाडावर फार गर्दी झाली तर पिलांची उपासमार होईल. म्हणून पुढे भुंगेरे दुसऱ्या प्रकारचा वास सोडू लागतात. त्याचा अर्थ होतो, 'इथे जागा नाही, पुढचे झाड पाहा.' साथ झाडाझाडाने पुढे सरकते ती अशी.

निळी बुरशी

भुंगेऱ्याबरोबर एक साथीदारही येतो. भुंगेऱ्याच्या तोंडाजवळ सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत एका बुरशीचे बीजाणू असतात. भुयार कोरताना ही बुरशी झाडात पेरली जाते. ती वाढत जाऊन जलवाहिन्यांमध्ये शिरते आणि पाण्याचा मार्ग बंद करते. म्हणजे भुंगेऱ्याच्या अळ्या अन्नाची वाट तोडतात आणि बुरशी पाण्याची. या दुहेरी कोंडीत झाड काही आठवड्यांतच हरते. बदल्यात अळ्यांना या बुरशीचे पोषक खाद्य मिळते.

या बुरशीने लाकडावर निळसर छटा चढते. मात्र लाकडाची ताकद कमी होत नाही. २०१० साली व्हँकूव्हर येथे हिवाळी ऑलिंपिक सामने झाले. त्यांतील बर्फावरच्या स्केटिंगच्या शर्यतींसाठी रिचमंड गावी एक प्रचंड सभागृह बांधले होते. त्याच्या छतासाठी भुंगेऱ्यांनी मारलेल्या पाइनचेच लाकूड वापरले आहे.

थंडीचा पहारा

हा भुंगेरा काही बाहेरून आलेला नाही. तो आणि तिथले पाइन हजारो वर्षे एकत्र नांदत आहेत. एरवी तो म्हाताऱ्या, वणव्यात होरपळलेल्या, दुबळ्या झाडांवरच गुजराण करतो. मेलेल्या झाडाच्या जागी ऊन पडते आणि रोपे वाढतात. या दृष्टीने पाहिले तर तो रानाचा माळीच आहे.

माळ्याचा वैरी का झाला, हे समजण्यासाठी थोडे गणित करू. एका मादीने साठ अंडी घातली. त्यांपैकी अठ्ठावन्न जीव थंडी, सुतारपक्षी, शिकारी कीटक आणि राळ यांमुळे मेले आणि दोन उरले, तर एका जोडीची जागा एका जोडीने घेतली. भुंगेऱ्यांची संख्या तेवढीच राहिली. पण दोनाऐवजी चार उरले तर? संख्या दर वर्षी दुप्पट होईल. दहा वर्षांत किती पट होईल, ते तुम्हीच दोनाला दोनाने दहा वेळा गुणत जाऊन पाहा. हजारपटीहून अधिक! साठांतून दोन जगण्याऐवजी चार जगले, एवढ्या लहानशा फरकाने साथ उभी राहते.

या संख्येवर सर्वांत कडक पहारा असतो तो थंडीचा. हिवाळ्यात अळ्यांच्या शरीरात ग्लिसेरॉल साठते. ते रक्त गोठू देत नाही. ग्लिसेरॉल पुरेसे साठले, की अळ्यांना मारायला तापमान उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपास जावे लागते. पण ते एकदम साठत नाही. हिवाळ्याच्या तोंडीच अचानक कडाका पडला, तर उणे २५ अंशांतही त्या मरतात. याच प्रांताच्या चिल्कोटिन पठारावर १९७० नंतर अशीच एक मोठी साथ आली होती. १९८४ आणि १९८५ या दोन्ही वर्षी थंडी लवकर आणि कडाक्याची पडली आणि ती साथ आटोक्यात आली.

मग या वेळी काय बिघडले?

दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली म्हणजे पृथ्वीचे तापमान वाढत असल्यामुळे हिवाळे सौम्य झाले. अळ्या मारणारा कडाका वर्षानुवर्षे पडलाच नाही. थंडीचा पहारा ढिला झाला.

दुसरी गोष्ट माणसाच्या हातून, आणि तीही चांगल्या हेतूने घडली. विसाव्या शतकात वनखात्याने वणवे विझवण्याचे काम मोठ्या कसोशीने केले. वणवा वाईट, तो विझवलाच पाहिजे, असे कोणालाही वाटेल. पण पूर्वी अधूनमधून लागणाऱ्या वणव्यांमुळे रानात कुठे दहा वर्षांची, कुठे चाळीस वर्षांची, तर कुठे शंभर वर्षांची झाडे असत. वणवे थांबल्यावर सगळी झाडे एकदमच म्हातारी होत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मानाने शतकाच्या अखेरीस तिथे मोठ्या, जुन्या पाइनचे क्षेत्र सुमारे तिप्पट झाले होते.

भुंगेऱ्याला हवी असतात ती हीच झाडे. साधारण ऐंशी वर्षांवरच्या जाड खोडाच्या झाडात रसवाहिन्यांचा थर जाड असतो. बारीक झाडात खाद्य इतके कमी असते, की आत शिरलेल्यांपेक्षा बाहेर पडणाऱ्यांची संख्या कमी भरते. तो भुंगेऱ्यांच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार. जाड झाडात मात्र एकाचे अनेक होतात. एकाच जातीची, एकाच वयाची जाड झाडे शेकडो किलोमीटर पसरलेली म्हणजे भुंगेऱ्यांपुढे वाढून ठेवलेले ताटच!

औषध का फवारले नाही, असे तुम्ही विचाराल. पण भुंगेरा जवळजवळ सारे आयुष्य सालीखाली काढतो. विमानातून फवारलेले औषध तिथवर पोहोचत नाही. साथ लहान असताना लागण झालेली झाडे शोधून तोडणे व जाळणे, वासाचे सापळे लावणे, हे उपाय चालतात. साथ डोंगरभर पसरल्यावर मात्र माणसाच्या हाती फारसे काही राहत नाही.

२००६ साली तर वाऱ्यावर स्वार होऊन भुंगेऱ्यांचे प्रचंड थवे रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टा प्रांतात उतरले. तिथे त्यांची गाठ जॅक पाइन या नव्या जातीशी पडली. त्या झाडातही ते वाढू शकतात, हे २०११ साली सिद्ध झाले. जॅक पाइनची राने थेट कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरली आहेत, म्हणून शास्त्रज्ञ तिकडे डोळ्यांत तेल घालून पाहत आहेत.

लाल रान, करडे रान आणि पुढे

लागण झालेले झाड पहिल्या वर्षी हिरवेच दिसते. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याची पाने लाल होतात. आणखी एक-दोन वर्षांत पाने गळून उरतो तो करडा सांगाडा. असे सांगाडे काही वर्षे उभे राहतात आणि मग एकेक करून कोसळतात. साथ ओसरली तरी तिचे परिणाम अनेक दशके चालू राहतात.

पहिला परिणाम पाण्यावर होतो. जिवंत झाड जमिनीतले पाणी ओढून हवेत सोडते आणि पडणारे बर्फ आपल्या फांद्यांवर झेलते. झाड मेले की ही दोन्ही कामे थांबतात. जमिनीवर बर्फ जास्त साठते, सावली नसल्याने ते लवकर वितळते आणि वसंतात ओढ्यांना पूर्वीपेक्षा लवकर पाणी येते. जमीन दलदलीची होते.

दुसरा परिणाम हवेवर होतो. वाढते झाड कार्बन डाय-ऑक्साइड शोषते. कुजणारे झाड तो परत सोडते. कॅनडाच्या वनसेवेतील वर्नर कुर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली असा हिशेब मांडला, की २००० ते २०२० या काळात या साथीमुळे सुमारे २७ कोटी टन कार्बनचा फटका बसेल आणि कार्बन साठवणारे हे रान कार्बन सोडणारे बनेल. पुढे काही शास्त्रज्ञांनी मेलेल्या रानात उंच मनोरे उभारून वायूंची ये-जा प्रत्यक्ष मोजली. तेव्हा एक दिलासा देणारी गोष्ट दिसली. जिथे मेलेल्या झाडांखालची लहान झाडे-झुडपे तशीच राहू दिली होती, तिथे ती ऊन मिळताच जोमाने वाढली आणि काही जागी तर थोड्याच वर्षांत रान पुन्हा कार्बन शोषू लागले.

तिसरा परिणाम माणसांवर झाला. मेलेले लाकूड चिरफाळण्यापूर्वी वापरावे म्हणून भराभर तोड झाली. लाकूड कापण्याच्या गिरण्या काही वर्षे रात्रंदिवस चालल्या. पण ते लाकूड संपल्यावर तोडायला मोठी झाडेच उरली नाहीत. पाइनचे रोप तोडण्याजोगे व्हायला साठ-सत्तर वर्षे लागतात. तोवर काय करायचे? अनेक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांवर अवलंबून असलेल्या गावांना त्याची झळ बसली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रान कायमचे गेले का? लॉजपोल पाइनचे रान गेले नाही, बदलले. जिथे सावलीत स्प्रूस आणि फरची रोपे दबून उभी होती तिथे आता त्यांचे राज्य येत आहे. जिथे पुढे वणवा लागतो तिथे पुन्हा पाइनच येतो. कारण या पाइनचे अनेक शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात. आगीच्या उष्णतेने राळ वितळली की शंकू उघडतात आणि राखेवर बी पडते. भुंगेरा आणि वणवा या दोघांनाही तोंड देण्याची सवय या झाडाला आहे.

ही सवय रानात दडलेल्या 'दप्तरा'त नोंदलेली आढळते. झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय वाढते. साथीत शेजारची झाडे मेली की वाचलेल्या झाडाला ऊन-पाणी जास्त मिळते आणि त्याची वलये एकाएकी रुंद होतात. अशी रुंद वलये मोजून शास्त्रज्ञ जुन्या साथींची वर्षे शोधून काढतात.

उंचावरच्या पाइनची गोष्ट

पण सर्वच पाइनना ही सवय नाही. रॉकी पर्वतात अगदी उंचावर, जिथे इतर झाडे तग धरत नाहीत, तिथे पांढऱ्या सालीचा व्हाइटबार्क पाइन वाढतो. त्याचे टपोरे बी ग्रिझली अस्वले आवडीने खातात. क्लार्कचा नटक्रॅकर हा कावळ्याच्या कुळातला पक्षी ते बी जमिनीत पुरून ठेवतो. पुरलेले जे बी तो विसरतो, त्यातूनच नवी झाडे उगवतात.

इतक्या उंचीवर पूर्वी भुंगेऱ्यांचे चक्र पुरे व्हायला बहुधा दोन वर्षे लागत आणि थंडीत बहुतेक अळ्या मरत. शत्रूशी फारशी गाठच न पडल्यामुळे या झाडाचा बचाव दुबळा राहिला. उन्हाळे उबदार होताच चक्र एका वर्षात पुरे होऊ लागले, आणि यलोस्टोनच्या परिसरात या झाडांची राने पांढरी-करडी पडली. त्यातच परदेशातून आलेल्या तांबेरा रोगाची भर पडली. या पाइनला भरघोस शंकू धरायला साठ-एक वर्षे लागतात. त्यामुळे मेलेल्या झाडाची जागा लवकर भरून निघत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने या झाडाची नोंद धोक्यात आलेल्या जातींमध्ये केली.

भुंगेरा तोच, पण एक रान त्यातून सावरते आणि दुसरे सावरेल की नाही याची खात्री नाही. हा फरक नीट ध्यानात घ्या. साथीला तोंड द्यायला रानात वेगवेगळ्या वयाची आणि वेगवेगळ्या जातींची झाडे हवीत, तशीच त्या झाडांना त्या शत्रूची जुनी ओळखही हवी. म्हणूनच आता तिकडे एकाच जातीची लागवड न करता मिश्र झाडे लावण्यावर भर दिला जातो आणि तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या व्हाइटबार्क पाइनचे बी गोळा करून रोपे वाढवली जातात.

आपल्या शेजारीसुद्धा

हा प्रश्न फार दूरचा आहे असे समजू नका. नागपूरच्या ईशान्येला मध्य प्रदेशात मंडला जिल्हा आहे. तिथली राने आहेत शाल वृक्षाची. शाल सूचिपर्णी नाही, पण त्याचे खोड पोखरणारा एक लांब मिशांचा भुंगेरा आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची मोठी साथ आली आणि असंख्य झाडे गेली. या भुंगेऱ्याला शालाच्या ताज्या रसाचा वास फार आवडतो. म्हणून पावसाळ्यात काही झाडे तोडून त्यांचे ओंडके ठेचून ठेवतात. रसावर भुंगेरे जमले की ते वेचून मारतात. वासाने हाक घालण्याची भुंगेऱ्याची युक्ती इथे माणसाने त्याच्यावरच उलटवली आहे.

करून पाहा

तुमच्या आसपास आंब्याची किंवा बाभळीची वाळून पडलेली जुनी फांदी सापडली, तर मोठ्या माणसांच्या मदतीने तिची सुटलेली साल अलगद काढा. जिवंत झाडाची साल मात्र कधीही सोलू नका. सालीखाली बहुधा कीटकांनी कोरलेली भुयारे दिसतील. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, म्हणजे नक्षी कागदावर उतरेल. भुयार कुठे अरुंद आहे आणि कुठे रुंद, ते पाहा. अळी खात खात मोठी होते, तसे तिचे भुयारही रुंदावत जाते. एवढ्यावरून अळीने खायला सुरुवात कुठे केली आणि ती बाहेर कुठे पडली, हे तुम्हाला ओळखता येते का, पाहा बरे!